प्रश्न बारावा, उत्तर क

मी एका दुपारी पाच जणांची परीक्षा दिली आणि पाचही जणांना पास केलं. पाचांतली एक मी, उरलेले चार डॉक्टर. परीक्षा होती औषधांच्या धोरणाची, म्हणजे कोणतं औषध कुणाला, कुणाच्या सहीने आणि कोणत्या कायद्याखाली द्यायचं याची. पाच सर्टिफिकिटं छापून आली, त्यांना फ्रेमा झाल्या, आणि आमच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत ती ओळीने टांगली गेली. दसऱ्याला कुणीतरी त्यांना झेंडूचे हारसुद्धा घातले. येता-जाता मी तिकडे पाहायची आणि मनात म्हणायची, पाटीलबाई, काय हो तुमची हुशारी.

एवढं लिहून सुनेला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आई, हे छापायला देताय तुम्ही?"

"का? नोकरी जाईल माझी?"

नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. गुडघे गेले, दाढा गेल्या, आता काढून घेण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. संपादकांनी पत्रात लिहिलंय, 'दिवाळीला साजेसे हलकेफुलके अनुभव असावेत.' हलकंफुलकं येईल मधूनमधून, माझ्या जिभेला ती खोड आहे. पण बसले आहे मी रागाने, आणि राग कशाचा आला ते आधी सांगते.

माझी नात नर्स आहे, ठाण्याला. तिला वरचेवर ऑनलाइन ट्रेनिंग असतं. परवा ती स्वयंपाकघरात फोन पिठाच्या डब्याला टेकवून, त्याचा आवाज बंद करून कांदा चिरत होती. फोनमधली बाई तळमळून काहीतरी सांगत होती. खाली अक्षरं सरकत होती: गुंगीची औषधं, नोंदी, जबाबदारी. मी आवाज चालू केला. तिने बंद केला. मी पुन्हा चालू केला.

"आजी, ते नुसतं चालू ठेवायचं असतं गं. शेवटी टिक केलं की झालं."

हातातली वाटी मी ओट्यावर अशी ठेवली की तिला तडा गेला. पोरीला कळेना म्हातारीला झालं काय. तिला काय सांगू, 'टिक केलं की झालं' या शोधावर पहिला हक्क तिच्या आजीचा आहे.

भिवंडीत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी सव्वीस वर्षं फार्मासिस्ट होते. औषधाची खिडकी, तिला जाळी, जाळीत हात जाईल एवढं भोक, आणि भोकाच्या आत मी. बाहेरच्यांना वाटतं, या कामात काय आहे, चिठ्ठी वाचायची आणि पाकीट द्यायचं. निम्मं काम देण्याचं असतं हे खरं. उरलेलं निम्मं न देण्याचं असतं, आणि त्यात मी पटाईत होते. काही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत असा कायदा आहे. काही चिठ्ठी असली तरी वहीत नोंद करून द्यायची. आणि काही, जी अफूपासून होतात, ती दोन कुलपांच्या कपाटात ठेवायची. एक चावी फार्मासिस्टकडे, दुसरी डॉक्टरकडे. दोघं समोरासमोर उभे राहिल्याशिवाय ते कपाट उघडत नाही. गोळी बाहेर पडली की वहीत पेशंटचं नाव, डॉक्टरची सही, किती होत्या, किती राहिल्या. एक गोळी इकडची तिकडे झाली तर नोकरी जाते आणि वर पोलीस येतात.

भिवंडीत न देण्याचं काम जास्त. कारण खोकल्याचं औषध. तेही अफूच्याच नात्यातलं, पण बाटलीत गोड होऊन बसलेलं. लूमवर बारा-बारा तासांची शिफ्ट करणारा माणूस, कानात ठकठक, नाकात कापसाची धूळ, झोपायला आठ जणांत एक खोली. तो बाटली तोंडाला लावायचा, वर दोन कप घट्ट गोड चहा प्यायचा आणि जग थोडं लांब करून घ्यायचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पानाच्या टपरीवर बाटली मिळायची, तिथे ना चिठ्ठी ना वही. पैसे नसले की मग ते आमच्या धर्मादाय खिडकीवर यायचे.

पाटीलबाईंनी त्यांच्यासाठी एक युक्ती काढली होती. "खोकला आहे ना? खोकून दाखवा."

आणि ते खोकून दाखवायचे. एक जण इतका सुंदर खोकला, की मागे उभ्या असलेल्या बाईने पर्समधून त्याला पाण्याची बाटली काढून दिली. पडघ्याहून एक ट्रकवाला यायचा, क्लीनरला खोकला झालाय म्हणून. त्याच्याकडे एकाच चिठ्ठीच्या झेरॉक्स होत्या. दर वेळी वरची तारीख पेनाने बदललेली. चौथ्या खेपेला मी विचारलं, "क्लीनर अजून जिवंत आहे?" तो म्हणाला, "मॅडम, तीन बदलले, खोकला तोच आहे." रांग हसली, मीही हसले, आणि बाटली दिली नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगायची, आज सात जणांना परत पाठवलं. माझी तेव्हाची मोठाई अशी होती, किती जणांना रिकाम्या हाताने पाठवलं यावर दिवसाचं माप काढायची.

दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा ट्रस्टच्या सेक्रेटरींनी फर्मान काढलं. औषध धोरणावर ऑनलाइन प्रशिक्षण, आरोग्यक्षेत्रातल्या सर्वांसाठी, दर वर्षी नव्याने. त्यातही मादक औषधांचा कायदा आणि वेदनेवरचे उपचार यांच्यावर भर. हॉस्पिटलच्या चार डॉक्टरांनी आणि फार्मासिस्टने ते पूर्ण करून सर्टिफिकेट लावावं, तपासणी येणार आहे. डॉक्टरांनी कागद वाचला, एकमेकांकडे पाहिलं आणि मग चौघांनी माझ्याकडे पाहिलं. कारण कीबोर्डवर दहा बोटांनी टाइप करणारी त्या इमारतीत मी एकटी होते. लग्नाआधी टायपिंगची परीक्षा दिली होती. स्थळं यावीत म्हणून.

"बाई, आमचंही उरकून टाका ना," आमचे मोठे डॉक्टर राऊत म्हणाले. वाईट माणूस नव्हता. दिवसाला सव्वाशे पेशंट तपासायचा. "तुम्हाला या विषयात आमच्यापेक्षा जास्त कळतं."

एवढं बोलल्यावर मी काय थांबते. हरभऱ्याच्या झाडावर नुसती चढले नाही, शेंड्यावर जाऊन बसले.

धामणकर नाक्यावर मुश्ताकचा सायबर कॅफे होता, जिन्याखाली, चार कॉम्प्युटर आणि एक पंखा. हॉस्पिटलचं इंटरनेट सेक्रेटरींच्या केबिनमध्ये होतं आणि केबिनला कुलूप होतं, म्हणून मी तिथे गेले. कोर्स इंग्रजीत. पंचवीस पानांचा एक धडा, असे सहा धडे, मग वीस प्रश्न, प्रत्येकाला अ-ब-क-ड असे चार पर्याय. पहिल्या धड्याचं दुसरं पान उघडलं आणि बाहेरची ठकठक थांबली. लूम थांबले म्हणजे लाईट गेली, भिवंडीत हे कुणाला सांगावं लागत नाही. लाईट आल्यावर सगळं पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी धडे सोडून सरळ परीक्षेलाच हात घातला.

तिथे पाटीलबाईंना एक गोष्ट सापडली. उत्तर चुकलं की यंत्र स्वतःच बरोबर उत्तर दाखवत होतं, आणि परीक्षा कितीही वेळा देता येत होती. मग काय. पहिल्यांदा डोळे मिटून दिली, नापास झाले आणि बरोबर उत्तरं औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर उतरून घेतली. एक-ब, दोन-ड, तीन-अ. नुसती अक्षरं. मग माझ्या नावाने दिली, वीसपैकी वीस. मग चौघा डॉक्टरांच्या नावाने. डॉक्टर राऊतांचं एक उत्तर मी मुद्दाम चुकवलं, एकोणीस ठेवले, संशय नको म्हणून. मुश्ताक खुर्ची मागे ढकलून बघत होता. "मॅडम, आप तो डॉक्टर लोगों से भी आगे निकल गईं."

बारावं उत्तर क होतं. ते मला आजही आठवतं. प्रश्न काय होता ते मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं. मी वाचलाच नव्हता.

सर्टिफिकिटं लागली, हार पडले, आणि आठ-दहा दिवसांनी खिडकीवर नसीम आली.

तेव्हा नाव माहीत नव्हतं. तिशीची बाई, डोक्यावर ओढणी, खांद्याला शबनम पिशवी, बोटांवर खडूची पांढरी धूळ. जाळीतून तिने एका मोठ्या कागदाची घडी आत सरकवली. वर मुंबईच्या हॉस्पिटलचा शिक्का. मी पहिली ओळ वाचली. मॉर्फिनच्या गोळ्या, दर चार तासांनी एक.

माझ्या डोक्यात घंटा वाजली. चुकीची. मला वाटलं, आता बाटलीवाल्यांनी बायका पाठवायला सुरुवात केली.

"घरात कोण घेतं हे?" मी विचारलं. हळू नाही विचारलं. रांगेला ऐकू जाईल असं विचारलं.

"अम्मी घेते. डॉक्टरने लिहून दिलंय."

"अम्मीला म्हणावं, खिडकीवर येऊन दाखव."

रांगेत दोघं-तिघं हसले. खोकून दाखवा हे सगळ्यांच्या ओळखीचं होतं, त्यांना वाटलं त्यातलाच हा नवा खेळ. मलाही हसण्याचा आवाज गोड लागला, खोटं कशाला बोलू. ती हसली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "अम्मी उठू शकत नाही, मॅडम. तुम्ही कागद पुरा वाचा ना."

"मुंबईचा कागद इथे चालत नाही. आमच्याकडे हे मिळत नाही. पुढे कोण आहे?"

ही दोन्ही वाक्यं खोटी होती. मिळत नाही हे खोटं, कारण माझ्या पाठीमागे सहा पावलांवर दोन कुलपांचं कपाट होतं आणि त्यात मॉर्फिनच्या गोळ्यांचं अख्खं सीलबंद खोकं होतं. आधीच्या एका सर्जनने मागवलं होतं, रीतसर, हॉस्पिटलला तशी मान्यता होती. ते सर्जन निवृत्त झाले. नंतरचा एकही डॉक्टर ती गोळी लिहायला तयार नव्हता. कोण पडेल त्या भानगडीत? त्यामुळे गोळ्या होत्या, पण मिळत नव्हत्या, आणि मी 'नाहीत' म्हणायला शिकले होते. मुंबईचा कागद चालत नाही हे तर मी तिथल्या तिथे बनवलं. नोंदणी असलेल्या डॉक्टरचा कागद आमच्या डॉक्टरने पाहायचा, पेशंट तपासायचा आणि लिहायचं, एवढंच करायचं होतं. त्याच कागदाच्या तळाशी मुंबईच्या डॉक्टरने दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या: पेशंटला प्रवास करणं शक्य नाही, कृपया गावाजवळच्या मान्यता असलेल्या रुग्णालयाने पुढच्या गोळ्या द्याव्यात. मी तिथवर वाचलंच नाही. मी पहिली ओळ वाचली आणि निकाल दिला. त्या महिन्यात माझी न वाचण्याची तालीम छान झाली होती.

तिने कागदाची घडी घातली आणि ती गेली. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, आज आठ.

पुढे तीन आठवडे तसेच गेले असते, तीन वर्षंही गेली असती, पण कोर्सवाल्यांना उपरती झाली. हॉस्पिटलला निरोप आला की दुसरा भाग सुरू होतोय, आणि त्याआधी पहिल्या भागाची उजळणी-परीक्षा पुन्हा द्यायची आहे. मी हसतच मुश्ताककडे गेले, पाकीट पर्समध्ये होतंच. एक-ब, दोन-ड, तीन-अ, धडाधड वीस टिकल्या मारल्या. वीसपैकी तीन.

पुन्हा मारल्या. वीसपैकी पाच.

मुश्ताक वाकून बघायला आला. "मॅडम, आप तो टॉपर थीं ना?"

मग लक्षात आलं. त्यांनी पर्यायांच्या जागा बदलल्या होत्या, आणि दर वेळी नव्याने बदलत होते. अ चा ड होत होता, ड चा ब. माझं पाकीट रद्दी झालं. त्या कोर्स करणाऱ्या माणसाला मी त्या दुपारी फार शिव्या दिल्या. आज तो भेटला तर पाया पडेन, आणि मग विचारेन, बाबा, हे पहिल्या दिवसापासून का नाही केलंस?

आता वाचण्यावाचून इलाज नव्हता. चौपन्न वर्षांची बाई चष्मा पुसून धडा पहिला, पान पहिलं वाचायला बसली. माझं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं, त्यामुळे एकेक ओळ दोनदा. आणि वाचत गेले तशी मान खाली गेली. तिथे लिहिलं होतं की कायदा औषध अडवायला नाही, ते चुकीच्या हाती जाऊ नये आणि बरोबर हाती पोचावं यासाठी आहे. लिहिलं होतं की कॅन्सरच्या दुखण्यात मॉर्फिन देणं हा गुन्हा नाही, ते उपचार आहेत. लिहिलं होतं की दुखण्याने कळवळणाऱ्या माणसाला व्यसनी समजणं ही आरोग्यसेवकांची नेहमीची चूक आहे. नेहमीची. माझ्यासारख्या किती खिडक्या असतील देशात.

मग बारावा प्रश्न आला. कॅन्सरच्या पेशंटची नातेवाईक दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरची मॉर्फिनची चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे येते. पेशंट घरी आहे, हलू शकत नाही. तुमच्या रुग्णालयाला मान्यता आहे. तुम्ही काय कराल? एक पर्याय होता, साठा नसल्याचे सांगेन. एक होता, पोलिसांना कळवेन. एक होता, पेशंटला समक्ष आणायला सांगेन. आणि चौथा, जो मागच्या वेळी क वर बसला होता: कागदपत्रं पूर्ण वाचेन, आपल्या डॉक्टरांशी बोलेन आणि पेशंट तपासून त्याच दिवशी औषध मिळेल असं पाहीन.

पाच वेळा मी हे उत्तर बरोबर दिलं होतं. सहाव्या वेळी प्रश्न खडूच्या बोटांनी खिडकीवर आला, आणि मी चुकीच्या तीन पर्यायांपैकी दोन एका दमात निवडले.

नसीम येऊन गेल्याला तो अकरावा दिवस होता. 'आज आठ' म्हटलं तो दिवस माझ्या लक्षात होता, म्हणून मोजता आला.

परीक्षा अर्धी टाकून मी उठले आणि थेट डॉक्टर राऊतांच्या केबिनमध्ये गेले. दार न वाजवता. त्या दुपारचा राग अजून माझ्या अंगात आहे. स्वतःवरचा होता, पण स्वतःला हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये किती मारणार, म्हणून तो घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं.

ते खुर्चीत मागे झाले. "बाई, तुम्ही भावनेच्या भरात आहात. उद्या तिच्या घरच्यांनी गोळ्या विकल्या तर? पोलीस माझ्या दारात येतील."

"सर, शेलार गावच्या रस्त्याला टपरी-टपरीवर खोकल्याच्या बाटल्या मिळतात. तिथे जायला त्यांना वेळ नाही, तुमच्या दारात कुठून येतील?"

"मी इतक्या वर्षांत ही गोळी कधी लिहिलेली नाही."

"नियम तुम्हाला माहीत आहे, सर. बाराव्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही बरोबर दिलंय. वीसपैकी एकोणीस मार्क आहेत तुम्हाला."

"मी कुठे दिलंय?"

"तेच म्हणते मी."

बाहेर ओपीडीत पंख्याच्या वाऱ्याने सर्टिफिकिटांचे वाळके हार भिंतीवर घासत होते, त्याचा आवाज आत येत होता.

"तुमची चावी काढा," मी म्हटलं. "नाहीतर मी आत्ता सेक्रेटरींकडे जाते आणि सांगते की ती पाचही सर्टिफिकिटं माझी आहेत. माझी नोकरी जाईल. तुमचं काय होईल ते तुम्ही बघा."

चौपन्नाव्या वर्षी मी डॉक्टरला धमकी दिली. नवऱ्याला ते कधीच खरं वाटलं नाही. डॉक्टरांनी खिशातून चावी काढली. "तपासल्याशिवाय मी लिहिणार नाही," ते म्हणाले.

"मग चला."

कागदाच्या वरच्या कोपऱ्यात नाव-पत्ता होता, तेवढा खिडकीवर माझ्या नजरेने टिपला होता: शेलार, मशिदीमागे. नाव रुकय्या. नाक्यावर रिक्षा केली. डॉक्टर मांडीवर बॅग घेऊन आक्रसून बसले होते. मी रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागले तर त्याने मध्येच मान हलवली.

"रुकय्याखालाचा घर ना? मना म्हाईत हाय. म्हातारीचा आवाज येतं रस्त्यापावेतो. आमी आता तिकरं रिक्षा लावत न्हाय."

"आज तिथेच लाव," मी म्हटलं.

घर साधं, स्वच्छ, दारात अबोलीची कुंडी. दार नसीमने उघडलं. मला ओळखलं. बाजूला झाली नाही.

"आता काय बघायला आलात, मॅडम?"

"हे आमचे डॉक्टर. तुझ्या अम्मीला तपासायचंय. गोळ्या आहेत आमच्याकडे."

"त्या दिवशी नव्हत्या."

"होत्या."

मग ती बाजूला झाली.

रुकय्याखाला पलंगावर आडव्या नव्हत्या. कॅन्सर मणक्यात उतरला होता, आडवं झालं की कळ, बसलं की कळ. उशा-गोधड्यांच्या ढिगावर पोटाशी दुमडून त्या तशाच टेकल्या होत्या. तोंडात ओढणीचं टोक. त्या टोकाच्या चिंध्या झाल्या होत्या, दातांनी. शेजारच्यांना त्रास नको म्हणून त्या ते तोंडात धरत होत्या, असं नसीम म्हणाली. नसीम उर्दू शाळेत शिकवायची, भाऊ सौदीला. मुंबईला जायचं तर अम्मीला न्यावं लागे, तपासल्याशिवाय तिथे पुढच्या गोळ्या देत नसत, आणि अम्मी आता रिक्षात बसण्यासारखी राहिली नव्हती. नाक्यावरच्या पाच मेडिकलवाल्यांनी कागद बघून तिला हाकललं होतं. पाचांतल्या दोघांनी सांगितलं होतं, मोठ्या हॉस्पिटलात विचारा, तिथल्या मॅडम फार कडक आहेत पण त्यांना सगळं कळतं.

डॉक्टरांनी तपासलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती गोळी लिहिली. आम्ही परत गेलो, दोन चाव्यांनी कपाट उघडलं, मी खोकं बाहेर काढलं. तारीख उलटायला थोडेच महिने राहिले होते. एक पेशंट आमच्या भिंतीपलीकडे ओढणी चावत होता आणि गोळ्या आतल्या आत म्हाताऱ्या होत होत्या. वहीत नोंद केली, डॉक्टरांनी सही केली, आणि मी त्याच रिक्षाने परत शेलारला गेले. नसीमला नीट समजावलं: घड्याळ लावून, दर चार तासांनी, दुखायची वाट बघायची नाही. याने पोट साफ होत नाही, म्हणून सोबत ही दुसरी गोळी. उरलेल्या एकाही गोळीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, शिल्लक राहिलेल्या परत आणून द्यायच्या.

पहिली गोळी गेल्यावर मी भिंतीला टेकून बसले. पाऊण तास झाला असेल, रुकय्याखालांनी तोंडातलं टोक सोडलं. पाठ हळूहळू गोधड्यांना टेकली. डोळे उघडून त्यांनी मला पाहिलं.

"कोण आलंय?"

"हॉस्पिटलच्या मॅडम, अम्मी."

"मग बसवून काय ठेवलंस? चहा टाक."

त्या तेवीस दिवस जगल्या. मी एक दिवसाआड जायची. डॉक्टर राऊतही दोनदा आले, न बोलावता. रुकय्याखाला जिभेने माझ्याहून तिखट निघाल्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "चेहरा असा नका करू, बरी होणार नाही हे मला ठाऊक आहे, तुम्हालाच कुणी सांगितलेलं दिसत नाही."

सेक्रेटरींकडे मी शेवटी गेलेच, सर्टिफिकिटांचं सांगायला. वाटलं होतं निदान ओरडतील. ते म्हणाले, "बाई, झालं ते झालं. फ्रेमा मात्र काढू नका, तपासणी व्हायची आहे." त्या फ्रेमा मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होत्या. माझी मी उतरवून घरी आणली. तिची मागची पाठ आता फडताळात शेल्फला टेकू म्हणून आहे. कोर्स मात्र मी पुढे दर वर्षी केला, एकेक ओळ वाचून, आणि डॉक्टर राऊतांना शेजारी बसवून. ते कुरकुर करत बसायचे, पण बसायचे.

नातीला परवा हे सगळं सांगितलं. तिने फोन उचलला, आवाज वाढवला आणि पहिल्यापासून लावला. किती दिवस टिकेल माहीत नाही. मी लक्ष ठेवून आहे.

नसीम आली होती, रुकय्याखाला गेल्या त्याच्या पुढच्या महिन्यात, खिडकीवर. रांगेत उभी राहून आली. रुमालात बांधलेल्या उरलेल्या गोळ्या तिने जाळीतून आत सरकवल्या. मी मोजल्या, बरोबर होत्या, वहीत नोंद केली. मग मी जाळीचं दार उघडून बाहेर आले. सव्वीस वर्षांत रांग उभी असताना ते दार मी तेवढं एकदाच उघडलं. रांगेसमोर तिचे हात धरले, कारण रांगेसमोरच तिला हिणवलं होतं, आणि म्हटलं, मला माफ कर. तिने हात सोडवून घेतले नाहीत. हळू आवाजात, एखाद्या मुलाला गणित समजावून सांगावं तशी, ती म्हणाली:

"मॅडम, तेवीस दिवस अम्मी माणसासारखी जगली, त्याबद्दल अल्ला तुमचं भलं करो. पण त्या आधीच्या अकरा दिवसांची माफी मी कशी देऊ? ते माझ्यावरून गेले नाहीत ना, अम्मीवरून गेले."